धाक गेल्यानंतरचा धर्म

25 ऑगस्ट 2018 रोजी डब्लिन कॅसलच्या सेंट पॅट्रिक दालनात पोप फ्रान्सिस बसले होते आणि त्यांच्यासमोर आयर्लंडचे पंतप्रधान बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव लिओ वराडकर. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, घराण्याचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई वॉटरफर्डकडची कॅथलिक नर्स. मुलगा कॅथलिक संस्कारात वाढला, डॉक्टर झाला, राजकारणात गेला. 2015च्या जानेवारीत आरोग्यमंत्री असताना त्याने रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं आणि 2017मध्ये तो पंतप्रधान झाला. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी मालवणचं नाव मथळ्यात घेतलं होतं. पोपसमोरच्या या भाषणाची दखल मात्र आपल्याकडे फारशी कुणी घेतली नाही.

त्या भाषणात वराडकरांनी आधी चर्चचं ऋण मान्य केलं. सरकार हात वर करून बसलं होतं तेव्हा शाळा कुणी काढल्या, इस्पितळं कुणी चालवली, परदेशात उपाशी राहणाऱ्या आयरिश माणसाला कुणी आसरा दिला, हे त्यांनी सांगितलं. मग त्याच शांत आवाजात त्यांनी दुसरी यादी वाचली. ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना राबवणाऱ्या मॅग्डलिन लाँड्र्या, कुमारी मातांची बंदिस्त गृहं, अनाथ-गरीब मुलांच्या औद्योगिक शाळा, बेकायदा दत्तकं, धर्मगुरूंनी केलेले लैंगिक अत्याचार. हा चर्चचा डाग आहे, सरकारचा आहे आणि आयरिश समाजाचाही आहे, असं ते म्हणाले. धर्म आता आमच्या समाजाच्या केंद्रस्थानी नाही, तरी त्याला महत्त्वाची जागा आहे आणि त्यावर नवं नातं उभं करू, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पोपनी ते ऐकून घेतलं. ज्या देशात पन्नास वर्षांपूर्वी मंत्री बिशपची अंगठी चुंबताना गुडघा टेकवत, त्या देशात हे घडत होतं.

आधुनिक राष्ट्राच्या संस्कृतीतून ख्रिस्ती धर्म ओसरतो आहे का, हा प्रश्न युरोपात सगळीकडे विचारला जातो. फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये त्याचं उत्तर दोनशे वर्षं हळूहळू घडत गेलं. आयर्लंडमध्ये ते एका पिढीत घडलं. ज्या बाईचं लहानपण मेणबत्त्या आणि जपमाळेत गेलं, तिच्याच नातवाचा बाप्तिस्माही झालेला नाही, आणि रविवारी दोघं एका टेबलावर जेवतात. म्हणून हा देश जवळून पाहावासा वाटला.

आधी आकडे. 1961च्या जनगणनेत प्रजासत्ताकातले जवळपास 95 टक्के लोक कॅथलिक होते. 2011मध्ये 84, 2016मध्ये 78 आणि 2022मध्ये 69 टक्के. कोणताच धर्म नाही म्हणणारे आता सात लाखांच्या वर, म्हणजे 14 टक्के आहेत. 2022च्या फॉर्मवर प्रश्नाची शब्दरचना बदलली होती आणि ‘धर्म नाही’ हा पर्याय पहिल्या क्रमांकावर आणला होता, हे ध्यानात घ्यायला हवं. तरी दिशा बदलत नाही. आणि जनगणनेचा आकडा खरं तर या कथेतला सर्वांत सौम्य आकडा आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दहांतले नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जात. आज मिस्सेची बाकं पाहिली तर 69 टक्क्यांवर विश्वास बसत नाही.

जुन्या दिवसांची मोजदाद करायला डब्लिनचं फिनिक्स पार्क पुरेसं आहे. 1979च्या सप्टेंबरात पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा तिथल्या मिस्सेला साडेबारा लाख माणसं जमली, म्हणजे प्रजासत्ताकाच्या लोकसंख्येचा तिसरा हिस्सा. त्यासाठी उभारलेला पोलादी क्रूस आजही तिथे आहे. लोक त्याच्या पायथ्याशी कुत्री फिरवतात, पतंग उडवतात. वराडकर त्याच वर्षी, आठ महिने आधी जन्मले होते. ते पंतप्रधान असताना पोप फ्रान्सिस त्याच हिरवळीवर आले, तेव्हा जमलेली गर्दी दीड लाखाच्या आतबाहेर होती. पाऊस होता, वारा होता, पण हवेला दोष देऊन हे अंतर भरून निघत नाही.

एवढी सत्ता या चर्चकडे आली कुठून? अनेकांना वाटतं, आयरिश माणूस सेंट पॅट्रिकच्या काळापासून, म्हणजे पाचव्या शतकापासूनच असा भाविक असणार. श्रद्धा जुनी आहे, हे खरं. पण रविवारची सक्तीची मिस्सा, कबुलीजबाब, पॅरिशच्या धर्मगुरूचा दरारा, हे सगळं इतकं जुनं नाही. इंग्रजांच्या दंडविधानाखाली कॅथलिकांना जमीन, शिक्षण, पद काहीच धड मिळत नव्हतं. डॅनियल ओकॉनेलच्या चळवळीने 1829मध्ये त्यातली उरलेली मोठी बंधनं सुटली. त्यानंतर 1845 ते 1852चा बटाट्याचा दुष्काळ आला. दहा लाख मेले आणि दहा लाख जहाजात बसले. मेले आणि गेले ते बहुतांशी भूमिहीन आणि तुकड्यावर जगणारे. ओढे-विहिरींच्या काठी नवस फेडणारा, जत्रेत नाचणारा, मिस्सेला सवडीने जाणारा तो आयर्लंड त्यांच्याबरोबर बराचसा संपला. उरला तो मध्यम शेतकरी. त्याने एक गोष्ट मनाशी पक्की बांधली: जमिनीची वाटणी पुन्हा होऊ द्यायची नाही.

आपल्याकडच्या शेतकरी वाचकाला हे समजावून सांगायला नको. वाटणी नको म्हणजे वारस एकच. बाकीच्या मुलांनी अमेरिकेला जायचं, नाहीतर धर्मगुरू व्हायचं. मुलींनी धर्मभगिनी व्हायचं किंवा लग्नाची वाट पाहत राहायचं. लग्नाबाहेर मूल झालं तर जमिनीचा हिशेब विस्कटतो, म्हणून देहावर पहारा हवा. तो पहारा द्यायला पॉल कलन यांचं चर्च तयार होतं. रोमहून शिस्त घेऊन आलेले हे गृहस्थ 1852मध्ये डब्लिनचे आर्चबिशप झाले आणि पुढे आयर्लंडचे पहिले कार्डिनल. इतिहासकार एमेट लार्किन यांनी या बदलाला भक्तीची क्रांती म्हटलं आहे. क्रांतीने गावोगावी दगडी चर्चं उभी राहिली आणि घराघरांत संध्याकाळी जपमाळ सुरू झाली. समाजशास्त्रज्ञ टॉम इंग्लिस यांनी दाखवलं आहे की घरात ही सत्ता राबवणारी व्यक्ती होती आई. धर्मगुरू तिला मान देत असे, आणि त्या बदल्यात ती मुलांना चर्चच्या स्वाधीन करत असे.

1922मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या सरकारकडे पैसा नव्हता. चर्चकडे शाळा, इस्पितळं आणि माणसं होती. इंग्रज प्रोटेस्टंट, म्हणून आपण कॅथलिक, हे राष्ट्रीयत्वाचं सोपं सूत्रही हाताशी होतं. सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांनी 1937ची राज्यघटना पवित्र त्रैक्याच्या नावाने सुरू केली आणि तिच्या 44व्या कलमात कॅथलिक चर्चला खास स्थान दिलं. गर्भनिरोधकांच्या विक्रीवर 1935पासून बंदी होती, घटस्फोटावर घटनेतच बंदी. पुस्तकांवरची सेन्सॉरशिप 1929पासूनची. एडना ओब्रायन यांची ‘द कंट्री गर्ल्स’ ही पहिली कादंबरी 1960मध्ये बंदीत सापडली आणि त्यांच्या स्वतःच्या गावात जाळली गेली.

1951चा एक प्रसंग या साऱ्याचा गाभा सांगतो. नोएल ब्राउन हा तरुण आरोग्यमंत्री. आईबाप क्षयाने गेलेले, स्वतःलाही क्षय झालेला. त्याने योजना आणली की गरोदर स्त्रियांना आणि 16 वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत औषधोपचार मिळावेत. बिशपांनी विरोध केला, कारण कुटुंबाच्या आरोग्याचा आणि प्रसूतीच्या सल्ल्याचा अधिकार सरकारकडे गेला तर उद्या ते काय शिकवेल याचा भरवसा काय! डॉक्टरांच्या संघटनेलाही फुकट उपचार नको होते. मंत्रिमंडळाने ब्राउनला एकटं पाडलं. त्याने राजीनामा दिला आणि बिशपांबरोबरचा पत्रव्यवहार वर्तमानपत्राला देऊन टाकला. देश कोण चालवतं हे लोकांनी पहिल्यांदा छापील अक्षरांत वाचलं. आया आणि बाळं मात्र योजनेविना राहिली.

चर्चच्या आयरिश पडझडीबद्दल बोलताना लोक घोटाळ्यांपासून सुरुवात करतात. मला ते अपुरं वाटतं. त्याआधी समाज बदलत होता. 1961च्या शेवटच्या रात्री दूरचित्रवाणी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी गे बर्न यांचा ‘द लेट लेट शो’ आला. बिशप काय म्हणतात यावर घरात बसून वाद घालता येतो, हे या कार्यक्रमाने शिकवलं. 1967पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. 1973मध्ये देश युरोपीय समुदायात गेला आणि त्याच वर्षी, लग्न झाल्यावर सरकारी नोकरी सोडण्याची स्त्रियांवरची सक्ती रद्द झाली. त्याआधी 22 मे 1971 रोजी काही बायका रेल्वेने ब्रिटिश हद्दीतल्या बेलफास्टला गेल्या, तिथे खुली मिळणारी गर्भनिरोधकं विकत घेतली आणि डब्लिनच्या स्टेशनावर कस्टमच्या लोकांसमोर ती उघडपणे दाखवली. त्यांना कुणी अटक केली नाही. कायदा बदलायला आणखी आठ वर्षं लागली, पण त्या दुपारी त्याचा धाक गेला.

तरी 1983मध्ये गर्भाच्या जिवाला आईच्या जिवाइतकाच अधिकार देणारी आठवी घटनादुरुस्ती 67 टक्के मतांनी मंजूर झाली. त्यानंतर पाचच महिन्यांनी, 31 जानेवारी 1984 रोजी, लाँगफर्ड परगण्यातल्या ग्रॅनार्ड या छोट्या गावात अॅन लव्हेट नावाची पंधरा वर्षांची मुलगी गावातल्या टेकाडावर गेली. तिथे मेरी मातेची मूर्ती असलेली एक गुहा होती. थंडी होती, पाऊस होता. तिने कात्री बरोबर नेली होती. तिथे, मूर्तीच्या पायाशी, ती एकटीच बाळंत झाली. शाळा सुटल्यावर घरी जाणाऱ्या मुलांना ती सापडली. बाळ गेलेलं होतं, आणि संध्याकाळी तीही गेली. गावाने तोंड मिटून घेतलं. पण गे बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे देशभरातून बायकांची पत्रं येऊ लागली: कुणी गोठ्यात बाळंत झालेलं, कुणी बाळ पुरलेलं, कुणी पन्नास वर्षं नवऱ्यालाही न सांगितलेलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पत्रं एकामागून एक, काही भाष्य न करता वाचून दाखवली. मला विचाराल तर आयरिश चर्चची नैतिक सत्ता त्या सकाळी ढासळायला लागली. बिशपांची लफडी नंतर आली. आधी बायकांना कळलं की आपण एकट्या नव्हतो.

मग 1992मध्ये गॉलवेचे लोकप्रिय बिशप एमन केसी यांना एक मुलगा असल्याचं उघड झालं. 1979मध्ये पोपच्या स्वागताला तरुणांसमोर गाणारे-बोलणारे हेच केसी. त्याच वर्षी शिनेड ओकॉनर या आयरिश गायिकेने अमेरिकी दूरचित्रवाणीवर पोपचं छायाचित्र फाडलं, मुलांवरच्या अत्याचारांसाठी. तेव्हा तिला वेड्यात काढलं गेलं. दोन वर्षांनी ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूच्या गुन्ह्यांवरचा माहितीपट आला, आणि त्या धर्मगुरूच्या प्रत्यार्पणाला झालेल्या दिरंगाईवरून सरकार कोसळलं. 1999मध्ये पत्रकार मेरी राफ्टरी यांनी औद्योगिक शाळांवरची दूरचित्रवाणी मालिका केली आणि तिचे भाग संपायच्या आतच पंतप्रधानांनी माफी मागितली. चौकशीला दहा वर्षं लागली. 2009चा रायन अहवाल पाच खंडांचा आहे. मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार या संस्थांत नित्याचे होते, आणि शिक्षण खात्याचे निरीक्षक ते पाहून परत जात, हे त्यातून स्थापित झालं. दरम्यान 2002मध्ये सरकारने धर्मसंघांशी करार करून त्यांचा वाटा 12 कोटी 80 लाख युरोंवर थांबवला होता. एकूण खर्च पुढे दीड अब्जापर्यंत गेला आणि त्यातला बहुतांश करदात्याने भरला.

ट्युअमची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गॉलवे परगण्यातल्या या गावात धर्मभगिनींनी चालवलेलं कुमारी मातांचं गृह 1925 ते 1961 चालू होतं. त्याच गावात वाढलेल्या कॅथरीन कॉर्लेस या गृहिणीला स्थानिक इतिहासाची आवड होती. शाळेत त्या गृहातली मुलं उशिरा येत आणि लवकर जात, इतरांशी त्यांना मिसळू देत नसत, हे तिच्या लक्षात राहिलं होतं. तिने नोंदणी कार्यालयातून त्या गृहात मेलेल्या मुलांचे दाखले मागवायला सुरुवात केली. दाखल्यांना पैसे पडत होते, ते तिने भरले. यादी 796 नावांवर थांबली. मग तिने स्मशानांच्या नोंदी तपासल्या, तर जवळजवळ कुणाचंच दफन सापडेना. जुने नकाशे काढून तिने जागा ओळखली: गृहाच्या मैलापाण्याच्या जुन्या टाकीची. लोकांनी तिला गावाची बदनामी करणारी ठरवलं. 2017मध्ये चौकशी आयोगाच्या उत्खननात तिथल्या भूमिगत कप्प्यांत बालकांचे अवशेष मिळाले. 2021च्या आयोगाच्या अहवालाने 18 गृहांत मिळून सुमारे 9,000 मुलं दगावल्याचं सांगितलं. ट्युअमचं पूर्ण उत्खनन 2025च्या उन्हाळ्यात सुरू झालं.

कॉर्लेसबाईंनी शोधून काढलेलं फक्त चर्चचं पाप नव्हतं. त्या मुलींना तिथे नेऊन सोडलं होतं त्यांच्या बापांनी. गावातल्या डॉक्टरला, पोलिसाला, दुकानदाराला सगळं ठाऊक होतं. वराडकरांनी डागाची जबाबदारी समाजावरही टाकली ती यामुळे. मात्र काही जण ‘सगळेच दोषी’ म्हणत धर्मसंघांचा दोष पातळ करतात, ते मला पटत नाही. किल्ल्या कुणाच्या कमरेला होत्या, हे विसरता येणार नाही.

आणि सविता हलप्पनवार. ही मुलगी आपल्या बेळगावची. दंतवैद्य, वय 31, नवऱ्याबरोबर गॉलवेत राहणारी. 2012च्या ऑक्टोबरात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात सुरू झाला. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने करता येत नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असंही तिला सांगण्यात आलं, आणि मृत्यूच्या चौकशीत एका परिचारिकेने हे वाक्य उच्चारल्याचं मान्य केलं. 28 ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात पसरून सविता गेली. संसर्ग वेळेत ओळखण्यात हलगर्जी झाली, असंही चौकश्यांत निघालं. पण लोकांच्या मनात ते एक वाक्य रुतलं. तोवर ‘कॅथलिक देश’ ही अभिमानाची गोष्ट होती. एका हिंदू लिंगायत मुलीला मरताना ती ऐकवली गेली, तेव्हा आयरिश माणसाला लाज वाटली. 25 मे 2018च्या सार्वमतात 66 टक्क्यांनी आठवी दुरुस्ती रद्द केली. डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात एका भिंतीवर सविताचा चेहरा रंगवला होता. मतदानाच्या दिवशी आणि नंतर लोक तिथे येऊन कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. शेकडो चिठ्ठ्यांवर तिची माफी मागितलेली होती. सीमाभागातली एक मुलगी दुसऱ्या राष्ट्राच्या इतिहासात अशी उभी आहे, हे आपण पुरेसं लक्षात ठेवलेलं नाही.

त्या आधी 1995मध्ये घटस्फोट फक्त 9,114 मतांच्या फरकाने मंजूर झाला होता. 2015मध्ये समलिंगी विवाहाला 62 टक्के मिळाले. सार्वमताने असा निर्णय घेणारा आयर्लंड जगातला पहिला देश. डब्लिनचे तेव्हाचे आर्चबिशप डर्मिड मार्टिन यांनी निकालानंतर कबूल केलं की चर्चने वास्तवाकडे डोळे उघडून पाहायला हवं. याच मार्टिन यांनी आपल्या धर्मप्रांताच्या हजारो फायली चौकशी आयोगाच्या हवाली केल्या होत्या. त्यांच्यासारखी माणसं वीस वर्षं आधी पदावर असती तर, असं वाटून जातं.

एवढं वाचल्यावर वाटेल की उत्तर मिळालं, ख्रिस्ती धर्म तिथे संपला. मग संध्याकाळी सहा वाजता आयर्लंडची राष्ट्रीय वाहिनी लावून पाहा. बातम्यांच्या आधी एक मिनिट घंटेचे टोल पडतात: तीन, तीन, तीन आणि मग नऊ. ही अँजेलसची घंटा. येशूच्या गर्भधारणेची वार्ता घेऊन देवदूत आला त्याचं स्मरण. रेडिओवर ती 1950च्या 15 ऑगस्टपासून आहे. पूर्वी पडद्यावर मेरी मातेचं चित्र असे. आता काम थांबवून क्षणभर स्तब्ध होणारी साधी माणसं दिसतात. ती बंद करा म्हणणारे आहेत, तरी ती चालू आहे.

2018मध्ये गुड फ्रायडेला मद्यालयं बंद ठेवण्याचा 1927चा नियम गेला. पण 2023पासून सेंट ब्रिजिडच्या नावाने नवी सार्वजनिक सुट्टीही आली. स्त्रीच्या नावाची ही तिथली पहिलीच राष्ट्रीय सुट्टी. किल्डेअरची ही संत, आणि तिच्याच नावाची, ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीची देवी. दोघी इतक्या मिसळलेल्या की वेगळ्या काढता येत नाहीत. 1 फेब्रुवारीला शाळांतली मुलं लव्हाळ्याचे चार हातांचे क्रूस विणतात. घरी कुणी मिस्सेला जात नसलं तरी तो क्रूस दारावर लागतो.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मेयो परगण्यातल्या क्रो पॅट्रिक डोंगरावर हजारो लोक चढतात. उंची 764 मीटर, वरचा टप्पा नुसता निसटत्या दगडांचा. काही जण तो अनवाणी चढतात आणि रक्ताळलेल्या पायांनी उतरतात. आपल्या वारीत असतं तसंच तिथेही कोण भक्तीने आलं, कोण बापाच्या आठवणीने आणि कोण नुसतं चालायला, हे विचारायची पद्धत नाही. डनिगॉलमधल्या लॉख डर्गच्या बेटावर तीन दिवसांचं व्रत अजून होतं: पायात काही नाही, पहिली रात्र जागून काढायची, दिवसातून एकदा कोरडा टोस्ट आणि बिनदुधाचा चहा. दुष्काळाच्या आधीपासून चालत आलेला हा धर्म आहे. कलन यांच्या शिस्तबद्ध चर्चला तो कधी फारसा रुचला नाही, आणि ते चर्च ओसरल्यावर तोच अधिक ठळक दिसतो आहे.

मरण तर अजून पूर्ण आयरिश पद्धतीनेच होतं. आरआयपी डॉट आयई हे संकेतस्थळ लोक रोज सकाळी उघडतात. कोण गेलं, देह घरी कधी ठेवणार, मिस्सा किती वाजता. दोन-तीन दिवसांत सगळं आटोपतं. शेजारी सँडविचेस आणतात, ओळख नसलेले लोकही रांगेत उभे राहून घरच्यांचा हात हातात घेतात. करोनापासून गावोगावच्या चर्चमध्ये बसवलेले कॅमेरे तसेच राहिले, म्हणून ही मिस्सा ऑस्ट्रेलियातल्या मुलीलाही दिसते, आणि पुण्यात बसून मलाही. कॅमेरा उंचावर, वेदीकडे रोखलेला. आठवड्याच्या दिवशी समोरची बाकं मोकळी, मधे पांढरी डोकी विखुरलेली. दफनाच्या दिवशी तेच चर्च मागच्या दारापर्यंत भरतं, आणि प्रार्थनेच्या उत्तराच्या ओळी तरुणांनाही तोंडपाठ असतात, जरी कधी उठायचं आणि कधी बसायचं हे ते शेजाऱ्याकडे पाहून ठरवत असले.

या ओळी ते शिकले शाळेत. इथे खरी गुंतागुंत आहे. देशातल्या जवळपास 90 टक्के प्राथमिक शाळा आजही कॅथलिक आश्रयाखाली आहेत. पगार सरकार देतं, संस्था चर्चची. दुसरीत गेलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याची, तयारी वर्गातच होते. मे महिन्यात पांढरे झगे, छोटी जाळीदार शिरोवस्त्रं, मुलग्यांना सूट, अंगणात हवेने फुगवलेला किल्ला आणि नातेवाइकांची पाकिटं. आदल्या रविवारी हे कुटुंब चर्चमध्ये नसतं, पुढच्या रविवारीही नसतं. चर्चचे टीकाकार याला ढोंग म्हणतात. मला ते ढोंग वाटत नाही. आजीने केलं, आईने केलं, मुलीनेही करावं असं वाटणं हे पोकळ नाही. प्रश्न त्या मुलांचा आहे जी कॅथलिक नाहीत. 2018पर्यंत तर जागा कमी असलेल्या शाळेला बाप्तिस्मा नसलेलं मूल नाकारता येत होतं. तो नियम गेला, पण डब्लिनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी संगणक अभियंत्यांच्या मुलांसमोर अजून दुसरीचं ते वर्ष येतं: सगळा वर्ग गाणी शिकतो, आणि आपलं मूल मागच्या बाकावर चित्र रंगवत बसतं. काही पालक मुलाला बसू देतात आणि घरी समजावतात. काही जण बहुधर्मी शाळांच्या प्रतीक्षायादीत नाव घालतात, आणि ती यादी लांब असते.

दुसरीकडे, चर्चमध्ये नवी माणसंही येत आहेत. ती बाहेरची आहेत. 2000च्या आसपासपासून केरळच्या परिचारिकांनी आयरिश रुग्णालयं सावरली, आणि त्यांच्याबरोबर सिरो-मलबार चर्च आलं. रविवारी दुपारी डब्लिनच्या चर्चमध्ये मल्याळम मिस्सेला लहान मुलांचा गलका असतो. पोलिश लोक आले, नायजेरियन पेन्टेकोस्टल आले, रोमानियन आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्स आले. आयरिश धर्मभगिनी शंभर-दीडशे वर्षं भारतात येत राहिल्या. मदर तेरेसा 1928मध्ये डब्लिनच्या राथफार्नम इथल्या लोरेटो मठातूनच कोलकात्याला निघाल्या. आता मेयोतल्या एखाद्या पॅरिशमध्ये प्रवचन द्यायला केरळचे फादर असतात. वसईतल्या वाचकांना हे दृश्य ओळखीचं वाटेल, कारण युरोपातल्या वेदींवर उभे राहणारे भारतीय धर्मगुरू आता विरळ नाहीत.

म्हणून धर्म ओसरतो आहे का, या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देणार नाही. आयर्लंडमधून चर्चची हुकमत गेली, आणि ती गेली हे चांगलं झालं. सरकारने आपली जबाबदारी स्वस्तात उरकण्यासाठी चर्चला वापरलं, चर्चने त्या बदल्यात बायकामुलांच्या आयुष्यांवर ताबा घेतला. हे संगनमत मोडायलाच हवं होतं, आणि सत्तेच्या मांडीवर बसलेल्या कुठल्याही देशातल्या कुठल्याही धर्माला हे लागू आहे. पण हुकमतीबरोबर एक शेजारधर्मही जातो आहे, त्याचं मला वाईट वाटतं. रविवारी गावातले श्रीमंत आणि गरीब एका छताखाली तासभर बसत. आता ते छत नाही, आणि त्या जागी दुसरं काही उभं राहिलेलं मला दिसत नाही. धर्म सोडलेला तरुण चर्चवर रागावलेलाही नसतो. त्याला ते आठवतच नाही. रागाला निदान उत्तर देता येतं.

2024च्या मार्चमध्ये आणखी दोन सार्वमतं झाली. घटनेतला स्त्रीच्या घरातल्या कामाचा 1937चा उल्लेख काढायचा आणि कुटुंबाची व्याख्या रुंदावायची, असे प्रस्ताव होते. वराडकरांचं सरकार त्यामागे होतं, आणि दोन्ही प्रस्ताव मोठ्या फरकाने पडले. मसुदा ढिसाळ होता, अपंगांच्या काळजीची जबाबदारी सरकार झटकतं आहे अशी भीती होती, बिशपही विरोधात होते. हा जुन्या चर्चचा विजय नव्हता. पण इतिहास एकाच दिशेने उतरत जातो, असं मानणाऱ्यांना त्या रात्री थांबावं लागलं. बाराच दिवसांनी वराडकरांनी पद सोडण्याची घोषणा केली.

पुढची कसोटी व्यवहाराची आहे, आणि ती टळणार नाही. मेनूथची सेमिनरी 1795ची. शेकडो विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या त्या इमारतींतून आता वर्षाला मोजकेच धर्मगुरू बाहेर पडतात, आणि प्रजासत्ताकातल्या जुन्या सेमिनऱ्यांपैकी तेवढी एकच उरली आहे. डब्लिनचं क्लॉनलिफ कॉलेज 2000मध्येच बंद झालं आणि त्याची जमीन क्रीडा संघटनेने विकत घेतली. कामावर असलेले बहुतेक फादर साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. तीन-चार पॅरिश मिळून एक फादर, अशी नवी रचना धर्मप्रांत करत आहेत. लोकांना चर्चकडून शेवटपर्यंत हवी असलेली गोष्ट म्हणजे मयताची प्रार्थना, आणि तीच आता अडू लागली आहे. त्यामुळे काही धर्मप्रांतांनी सामान्य भाविकांना प्रशिक्षण देऊन देहाजवळची आणि कबरीपाशीची प्रार्थना चालवायची परवानगी दिली आहे. पुढे येणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. वेदीवर मिस्सा म्हणण्याचा अधिकार त्यांना रोम अजून देत नाही. गावातलं कुणी गेलं की रात्री फोन मात्र त्यांनाच येतो, आणि त्या जातात.